उरलेले एकेचाळीस ग्रॅम

गाळप हंगाम संपला की कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत यंत्रे खोलायची वेळ येते. मिलचे रोलर, टर्बाइनचे रोटर, पंपांचे इंपेलर, बॉयलरचे पंखे असे सगळे सुटे होते आणि त्यातले बरेचसे ट्रकवर चढून वर्कशॉपात पोहोचते. सांगलीच्या विश्रामबागेपासून जवळच कुपवाडची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका शेडमध्ये उभे राहून मी आयडी फॅनचे बॅलन्सिंग पाहिले. बॉयलरमधला धूर ओढून चिमणीकडे ढकलणारा हा पंखा. शाफ्टसकट वजन सुमारे ८०० किलो आणि कामाचा वेग मिनिटाला ९८० फेरे.

रोटर आला तेव्हा पात्यांच्या पाठीवर राखेचे थर होते. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळल्यावर धुराबरोबर येणारी बारीक राख पात्यांची धार खाते आणि पाठीमागे चिकटून बसते. झीज सगळीकडे सारखी होत नाही, थरही सारखा बसत नाही. एका बाजूचे वजन वाढते आणि दुसऱ्या बाजूचे घटते. मदतनीस पोरगा रोटर थेट बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवायच्या बेतात होता. वर्कशॉपच्या मिस्त्रींनी त्याला थांबवले. "आधी राख काढ. आपल्याला पंख्याचं बॅलन्सिंग करायचंय, राखेचं नाही."

त्यामागचे कारण साधे आहे. राखेसकट तोल साधला, तर हंगामात पहिला मोठा पापुद्रा गळताच सगळी मेहनत वाया जाते. म्हणून खरवडणे, तारेचा ब्रश, मग वेल्डिंगच्या सांध्यांना तडे आहेत का ते पाहणे, सैल रिव्हेट किंवा बोल्ट शोधणे. त्यानंतर डायल गेज लावून शाफ्ट सरळ आहे की नाही याची खात्री. शाफ्ट वाकलेला असेल तर वजन लावून तो सरळ होत नाही. बॅलन्सिंगच्या कामाचा निम्मा भाग हा असा, बॅलन्सिंगच्या आधीचा असतो.

पुढे रोटर दोन आधारांच्या रोलरवर ठेवला. मिस्त्रींनी टेपने मापे घेतली: दोन्ही आधारांपासून वजन लावायच्या पातळ्यांचे अंतर, त्या पातळ्यांमधले अंतर आणि दोन्हीकडची त्रिज्या, इथे ६०० मिलिमीटर. ती यंत्राला सांगितली. पट्टा चढवून रोटर मिनिटाला अडीचशे फेऱ्यांच्या आसपास फिरवला. रोटर दणकट आहे, फिरताना लवत नाही, म्हणून कमी वेगात मोजलेला असमतोल पूर्ण वेगालाही लागू पडतो.

पडद्यावर दोन आकडे आले. डाव्या पातळीवर ३१० ग्रॅम, उजव्या पातळीवर १८० ग्रॅम आणि प्रत्येकाचा कोन. दोन पातळ्या का लागतात, हा प्रश्न रास्त आहे. रुळांवर ठेवलेले चाक आपोआप फिरून जड बाजू खाली आणते. त्यावरून एकूण तोल कळतो. पण लांब रोटरच्या डाव्या टोकाला वरच्या बाजूने आणि उजव्या टोकाला खालच्या बाजूने सारखेच जादा वजन असेल, तर रुळांवर तो कुठेही शांत उभा राहील. फिरू लागला की मात्र दोन्ही टोके उलट दिशांना ओढली जातील आणि रोटर डगमगेल. हा दोष फिरवल्याशिवाय दिसत नाही. अशा कामासाठीच्या यंत्राचे पेटंट हेन्री मार्टिन्सन यांनी १८७० साली कॅनडात घेतले, आणि गतिमान तोलाची यंत्रे कारखान्यांत रुळली ती विसाव्या शतकात.

८०० किलोच्या लोखंडात ३१० ग्रॅम म्हणजे किती? तोलकाट्यावर काहीच नाही. पण त्रिज्या ६०० मिलिमीटर आणि वेग ९८० फेरे धरून गणित केले, तर त्या ३१० ग्रॅमची बाहेरची ओढ सुमारे २०० किलो वजनाइतकी भरते. तीही एका जागी नसते. सेकंदाला सोळा वेळा पूर्ण वर्तुळात फिरते. एकदा वर, एकदा खाली, एकदा बाजूला, अखंड. वेग दुप्पट केला तर ही ओढ चौपट होते. पाया हलतो, बोल्ट ढिले होतात आणि सर्वांत आधी बेअरिंग खचते.

आता वजने लावायची. लोखंडी पट्टीचा तुकडा तराजूवर तोलून कापला. तोलताना वेल्डिंगच्या मण्याचे वजनही धरले, कारण सांध्यात भरलेला धातू हेही वजनच आहे. वेल्डिंगच्या अर्थिंगचा क्लॅम्प थेट रोटरच्या अंगावर लावला. तो यंत्राच्या चौकटीला लावला असता, तर विजेचा प्रवाह आधाराच्या रोलरमधून गेला असता आणि पृष्ठभागावर डाग पडले असते. पंखा जागेवर बसलेला असताना हीच चूक झाली तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होते.

पहिल्या फेरीनंतर डावीकडे ५५, उजवीकडे ४४ ग्रॅम उरले. थोडे घासून आणि छोटा तुकडा जोडून ते २८ आणि ३३ वर आले. मिस्त्रींनी यंत्र थांबवले. पोराने विचारले, "मामा, अजून कमी होईल की?"

"होईल की. पण पंखा तिथं नेऊन कप्लिंग घातलं की त्याहून जास्त फरक पडतो. इथं शून्य करून उपयोग काय?"

हे थांबणे मिस्त्रींच्या मर्जीवर नव्हते, त्याला नियम आहे. आंतरराष्ट्रीय मानकात रोटरच्या प्रकारानुसार दर्जे ठरलेले आहेत: मोटारीच्या चाकाला जी-४०, पंखे आणि पंपांच्या इंपेलरला जी-६.३, वाफेच्या टर्बाइनला जी-२.५. आकडा जितका लहान, तितका तोल बारीक. आमच्या रोटरला जी-६.३ लावले, तर वस्तुमानाचे केंद्र अक्षापासून जास्तीत जास्त ६१ मायक्रॉन सरकलेले चालते. त्याचे वजनात रूपांतर केले की दर बाजूला एकेचाळीस ग्रॅम. म्हणजे बॅलन्सिंग असमतोल नाहीसा करत नाही. किती असमतोल उरला, तो कुठे आहे आणि तेवढा चालतो का, हे सांगते.

मग मिस्त्रींनी जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. शंभर ग्रॅमचे मोजलेले वजन त्यांनी ठरलेल्या कोनावर तात्पुरते बसवले आणि रोटर फिरवला. मग तेच वजन चौथाई फेरा सरकवून पुन्हा फिरवला. यंत्राने दोन्ही वेळा आकडा आणि कोन बरोबर दाखवायला हवा होता, आणि तो दाखवला. परीक्षा रोटरची झाली होती. आता मोजणाऱ्या यंत्राची झाली. हे न करता छापलेला दाखला म्हणजे नुसता कागद.

एवढी काळजी का, त्याचे उत्तर बेअरिंगच्या आयुष्यात आहे. १९४७ साली स्वीडनमध्ये लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी बेअरिंगच्या आयुष्याचा सिद्धांत मांडला. त्यानुसार बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते आणि रोलर बेअरिंगचे जवळपास दहाव्या. शिवाय कॅटलॉगमधले आयुष्य म्हणजे शंभरातली नव्वद बेअरिंगे जितके तास टिकतील तो आकडा. आपल्या पंख्यातले बेअरिंग त्या नव्वदांतले की दहांतले, हे कोणीच सांगू शकत नाही. आपल्या हातात असतो तो फक्त भार.

साखर कारखाना ही साखळी आहे. आयडी फॅन थांबला की बॉयलरची ओढ जाते, वाफ पडते, टर्बाइन मंदावते आणि मिल उभी राहते. दहा यंत्रे एकामागोमाग असतील आणि प्रत्येक शंभरातले नव्व्याण्णव तास चालत असेल, तरी सगळी साखळी एकत्र चालण्याचे प्रमाण नव्वदाच्या आसपासच येते. दरम्यान गव्हाणीबाहेर ट्रॅक्टर उभे असतात. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. वजनातली घट शेतकऱ्याच्या पावतीवर उतरते.

म्हणून माझे सांगणे कारखान्याच्या संचालकांना, उपसा सिंचनाच्या पाणी संस्थांना आणि पंप दुरुस्तीला टाकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. बिलावर 'बॅलन्सिंग केले' एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका. आधी किती होते, नंतर किती उरले, मर्यादा किती होती आणि मोजणारे यंत्र कधी तपासले, हे चार आकडे मागा. पंखा जागेवर बसला की बेअरिंगच्या घरावर उभ्या, आडव्या आणि अक्षाच्या दिशेने कंपन मोजून लिहून ठेवा. हंगामात दर आठवड्याला तोच आकडा पुन्हा घ्या. वाढलेले कंपन फेऱ्यांच्या वेगाशीच जुळत असेल तर बहुधा तोल ढळला आहे. दुप्पट वेगाशी जुळत असेल तर अलाइनमेंट तपासा. चांगले वर्कशॉप हे आकडे आनंदाने देते, कारण त्याची मेहनत त्यांतच दिसते. आणि ते मागणारे गिऱ्हाईक वाढले, तरच ती मेहनत करणाऱ्या मिस्त्रीला तिची किंमत मिळेल.