कानात काय घालावे?

गेल्या वर्षी सहामाही परीक्षा आठ दिवसांवर आली असताना आमच्या वर्गातील एका मित्राचा इअरफोन निकामी झाला. ही बातमी वार्षिक अंकात छापण्याच्या लायकीची नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु हा मित्र जन्मांध आहे. आम्ही दोघा-तिघांनी वाचून ध्वनिमुद्रित केलेली प्रकरणे हीच त्याची पाठ्यपुस्तके, आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा फोन हाच त्याचा वाचक. तुमची-आमची वायर तुटली तर गाणी बंद पडतात. त्याची तुटली की इतिहासाचा पेपर बंद पडतो.

आधी दुरुस्तीचा घाट घातला. वायर बहुधा दोनच जागी तुटते : पिनेच्या मानेशी आणि जिथे ती दोन कानांसाठी फुटते तिथे. आमची मानेशी तुटली होती. आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात आणि प्रत्येकीवर रंगीत लाखेचा लेप असतो. तो जाळल्याशिवाय डाग धरत नाही, हे कळेपर्यंत अर्धी रात्र गेली आणि वायर वीतभर आखूड झाली.

दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीतील एका दुकानातून घाईघाईने नवा इअरफोन आणला. लावून पाहतो तो चमत्कार! गाण्यातील वाद्ये वाजत होती, पण गाणारी बाई गायब. फोनमधला वाचक तर विहिरीच्या तळाशी बसून पुटपुटत असल्यासारखा. मात्र वायरवरचे माइकचे बटण दाबून धरले की सारे ठणठणीत. दुकानदार म्हणाला, "फोन खराब आहे." फोन खराब नव्हता, आणि तसे पाहिले तर इअरफोनही नव्हता. दोघांचे जमत नव्हते, इतकेच.

कारण असे. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर कड्या असतात. दोन कड्या असल्या तर पिनेचे तीन भाग होतात : डावा कान, उजवा कान आणि दोघांची मिळून परतीची वाट. माइक असला तर तीन कड्या आणि चार भाग. टोकाकडचे दोन भाग सर्वत्र सारखेच. भांडण आहे ते उरलेल्या दोघांत. आज सर्रास आढळणाऱ्या सी.टी.आय.ए. पद्धतीत परतीची वाट तिसऱ्या भागावर आणि माइक चौथ्यावर असतो. काही जुन्या फोनांसाठी वापरल्या गेलेल्या ओ.एम.टी.पी. पद्धतीत नेमके उलट. आम्हाला मिळाला होता तो जुन्या पद्धतीचा पडून राहिलेला माल. अशा उलट्या जोडणीत परतीची सरळ वाटच राहत नाही. वीज एका कानातून दुसऱ्या कानात जाते आणि ऐकू येतो तो दोन्ही बाजूंच्या आवाजांतील फक्त फरक. गायकाचा आवाज बहुधा मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो; सारख्यातून सारखे वजा झाले की उरते शून्य. वाचकाचा आवाजही तसाच. बटण दाबले की माइक ओलांडून वाट जोडली जाते आणि आवाज परततो. तेव्हा दुकानात बटण दाबून आणि सोडून, दोन्ही तऱ्हांनी ऐकून पाहावे. फुकट परीक्षा आहे.

हल्ली अनेक फोनांना ते गोल भोकच नसते. अ‍ॅपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढले आणि पुढे पुष्कळांनी तोच कित्ता गिरवला. मग जोडणीचा तुकडा आला. टाइप-सीच्या वाटेने काही फोन तयार ध्वनी बाहेर देतात, काही केवळ आकडे देतात. दुसऱ्या जातीला आकड्यांचा ध्वनी करणारी चिप असलेलाच तुकडा लागतो. नुसता स्वस्त तुकडा लावला तर शांतता. यासाठी खरेदीला जाताना फोन बरोबर न्यावा.

आता खोक्यावरचे आकडे. २० ते २०,००० हर्ट्झ हे सगळ्यांवर छापलेले असते. माणसाचा कान ऐकतो तेवढा हा पल्ला, त्यावरून काही ठरत नाही. फोनसाठी १६ किंवा ३२ ओहम ठीक. आतील पडदा मोठा म्हणजे आवाज चांगला, हाही गैरसमजच.

खरी गोष्ट आहे ती रबराची. कानात शिरणाऱ्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी रबरे येतात आणि बहुतेक जण मध्यम लावून मोकळे होतात. रबर आणि कान यांत फट राहिली की खर्जाचा आवाज निसटतो, आणि मग आपण कंपनीला शिव्या देतो. दोन कानांना वेगळ्या मापाची रबरेही लागू शकतात. कानाची पाळी वर आणि मागे ओढून बसवावे आणि दोन वाक्ये बोलावीत. स्वतःचाच आवाज घुमला तर बसले म्हणायचे.

पण उलट टोकही वाईट. सध्या 'धम्म धम्म' करणाऱ्या खर्जाची चलती आहे. हा जाड आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, आणि भाषेचा अर्थ तर त्या बारकाव्यांत. 'स' की 'श', 'सात' की 'साठ', 'चार'मधला 'च' की 'चाक'मधला, हे सारे त्या वरच्या पट्ट्यांवर कळते. आमचा मित्र फोनला दुप्पट वेगाने बोलायला लावतो. त्याच्यासाठी इतिहासात सात आणि साठ यांत गोंधळ होणे म्हणजे सनावळीचा निकाल.

बिनतारी का नाही घेतला, असे कोणी विचारील. मागून आणलाही होता. पण त्यात आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाण्यात ते कळत नाही. बोट ठेवताच अक्षर ऐकू यावे लागते त्याला ते पावलोपावली अडते. शिवाय थोडा वेळ शांततेत गेला की जोडणी डुलकी घेते आणि पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर गिळते. आणि त्या इवल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दमतात. बदलून मिळणे बहुधा कठीण.

एक गोष्ट मात्र सर्वांना सारखी लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल झाला की अवघे ४ तास. आंतरकर्णातील सुमारे १५,००० केशपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. बसमध्ये बाहेरचा गोंगाट दडपण्यासाठी आपण आवाज चढवतो. तिथे नीट बसलेले रबर कानाचे रक्षण करते, कारण बाहेरचे कमी येते आणि आतले कमी चालते. पण हेच रबर रस्त्यावर घातक. आमचा मित्र रिक्षा कुठून येते ते कानाने पाहतो. म्हणून त्याने रस्त्यासाठी बिनरबराचा, कानाच्या तोंडाशी टेकणारा जुन्या पद्धतीचा स्वस्त इअरफोन घेतला. तोही एकाच कानात घालायचा.

अभ्यासाच्या इअरफोनची खरेदी त्याने स्वतः केली. दुकानदाराने देऊ केलेले गाणे त्याने लावलेच नाही. मी वाचलेले एक प्रकरण लावले, बटण दाबून पाहिले, रबर बदलले आणि चौथ्या इअरफोनवर थांबून म्हणाला, "हाच घेऊ. यात तुझ्या खोलीतला पंखा ऐकू येतो, आणि दुसऱ्या पानावर तू जांभई दिलीस तीसुद्धा." साडेतीनशे रुपये झाले. ते प्रकरण मी नंतर पुन्हा वाचून दिले.