ताग फुलायच्या आत कापा: परसबागेसाठी हिरवळीचं खत



मागच्या मासिक बैठकीत परसबागेचा विषय निघाला, तेव्हा एक ताई पटकन बोलून गेल्या, "शेण गोवऱ्यांना जातं, उरलेलं शेतात जातं. घरामागच्या वाफ्याला आम्ही काय घालायचं?" प्रश्न अगदी बरोबर होता. घरोघरी जनावरं कमी झालीत. परसबागेच्या वाट्याला येते चुलीतली राख आणि भांड्यांचं पाणी. मग माती घट्ट होते, पाऊस पडून गेला की वर पापडी धरते आणि मेथी वीतभरही वाढत नाही.

यावर एक जुना उपाय आहे, हिरवळीचं खत. खत बाहेरून आणायचं नाही. वाफ्यातच उगवायचं आणि कोवळं असताना तिथंच गाडायचं. यासाठी ताग चांगला. जिथं पाणी साचतं किंवा जमीन चोपण आहे तिथं धैंचा लावा, कारण तागाला साचलेलं पाणी सोसत नाही.

ही द्विदल पिकं आहेत, आपल्या तूर-मुगाच्या जातीतली. त्यांच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात. पेरल्यावर महिनाभराने एक रोप खुरप्याने मातीसकट काढून बघा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-लालसर दिसली, म्हणजे काम चालू आहे. तो पाला आणि मुळं मातीत कुजली की ते नत्र पुढच्या भाजीला मिळतं. युरियातही नत्र असतं, पण युरिया माती भुसभुशीत करत नाही. ते काम कुजलेल्या पाल्याचं.

आता कृती. दहा फूट बाय दहा फुटाच्या वाफ्याला ५० ते ६० ग्रॅम बी लागतं. चांगला पाऊस झाला की माती हलवून बी फेकायचं आणि वर हलकी माती ओढायची. पहिले चार-पाच दिवस काट्या नाहीतर जुनी साडी टाकून ठेवा, नाहीतर कोंबड्या सगळं टिपून मोकळ्या होतात. पुढे शेळ्यांपासून राखावं लागतं. आणि एक सांगते, ताग दाट आणि उंच वाढतो, पावसाळ्यात त्यात साप बसू शकतो. म्हणून दाराजवळ, संडासाच्या वाटेजवळ पेरू नका, आणि कापताना आधी काठीने हलवून घ्या.

साधारण ४५ ते ५० दिवसांनी, कळ्या दिसायला लागल्या की कापायचं. बोटभर लांबीचे तुकडे करा, वाफ्यात पसरा आणि कुदळीने वीतभर खोल मातीत मिसळा. पाऊस नसेल तर पाणी द्या, कोरड्या मातीत पाला कुजत नाही. दोन-तीन आठवडे थांबून मग भाजी लावा.

कापायची वेळ मी एवढी ठासून का सांगतेय? कारण मी स्वतः ती चुकवली आहे. मी समाजकार्य शिकले, शेती नाही. पहिल्या वर्षी आमच्या घरामागे ताग पेरला. तो इतका सुंदर वाढला, पिवळी फुलं आली, की कापायचं जिवावर आलं. वाटलं, अजून वाढू दे, जास्त खत होईल. पोळा आला तरी उभाच. आई म्हणाली, "आता याचे दोरच वळ." आणि खरंच, देठ लाकडासारखे झाले होते. तरी तो तोडून गाडला आणि आठ दिवसांत वांगी लावली. वांगी पिवळी पडली. नंतर कारण कळलं. निबर देठ कुजवायला जिवाणूंना जास्त नत्र लागतं, ते मातीतलंच नत्र वापरतात, आणि तेवढे दिवस रोपं उपाशी राहतात. कोवळा पाला मात्र लवकर कुजतो आणि नत्र लवकर मोकळं करतो.

उभं हिरवं पीक मातीत घालायचं, हे मनाला पटत नाही, हे मला माहीत आहे. आपण बायका तर भाकरीचा तुकडाही टाकत नाही. शिवाय दोन-अडीच महिने त्या वाफ्यातली भेंडी-गवार बुडते, ते नुकसान खरंच आहे. ज्या घरात रोजची भाजी वाफ्यातूनच येते, तिथं सगळी बाग तागाखाली घालू नका. अर्धी घाला, उरलेली पुढच्या वर्षी. तेवढंही परवडत नसेल तर चवळी लावा. कोवळ्या शेंगा दोन-तीनदा तोडून खा, मग वेल हिरवे असतानाच गाडा. खताचा फायदा थोडा कमी होतो, कारण बरंचसं नत्र शेंगेतून आपल्या ताटात येतं. पण ते काही वाया गेलं नाही.

बांधावर गिरिपुष्प असेल तर त्याचा कोवळा पालाही असाच गाडता येतो. त्यासाठी वाफा अडकत नाही, फक्त पाला वाहून आणावा लागतो.

बी कृषी सेवा केंद्रात मिळतं, पण एका वाफ्यापुरतं मूठभर सहसा कोणी देत नाही. गटाने मिळून एक किलो घेतलं तर वर सांगितलेले सोळा ते वीस वाफे होतात. जूनच्या बैठकीआधी कोणाला किती वाफ्यांचं बी हवं ते सचिव ताईंच्या वहीत लिहा. आणि ऑगस्टच्या बैठकीला येताना प्रत्येकीने वाफ्यातलं मातीचं एक ढेकूळ आणा, एक ताग गाडलेल्या जागेचं आणि एक तसंच राहिलेल्या जागेचं. दोन्ही बोटांनी चुरडून बघू.

तुमची क्षेत्र समन्वयक