घर वाढवताना (भाग ७) : जुन्या खोलीचं माजघर होऊ देऊ नका

मागच्या आठवड्यात जुन्या आणि नव्या भिंतीचा सांधा पाहिला. आता नव्या खोलीची भिंत जोत्यावर आली, कमरेला लागायला लागली, आणि गवंडी विचारतो, "साहेब, खिडकी केवढी ठेवू?" बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर तिथंच, उभ्याउभ्या दिलं जातं. "ठेवा चार बाय चार." आणि पुढची चाळीस वर्षं त्या चार शब्दांत राहायचं असतं.

कराडजवळ माझ्या मामाचं घर आहे. नऊ इंची विटांच्या भिंती, वर कौलं, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला परस. बऱ्याच वर्षांपूर्वी मागच्या बाजूला १० बाय १२ची स्लॅबची खोली वाढवली. नव्या खोलीला चार बाय चारची खिडकी मिळाली, सगळे खूश झाले. पण जुन्या मागच्या खोलीची परसाकडची खिडकी आता नव्या खोलीत उघडू लागली. त्या खोलीला दुसरी खिडकी नव्हती. पहिल्या पावसाळ्यात मी गेलो, तर मामी भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडत होती. वाड्यातलं माजघर अंधारं असायचं, पण त्याच्या शेजारी निदान चौक असायचा. इथं चौक नव्हता. तो नकाशा मी काढला होता. तेव्हापासून खोली वाढवायचं काम आलं की मी आधी जुन्या खोलीत जाऊन बसतो.

म्हणून पहिला नियम: वाढीव खोलीची खिडकी एका खोलीची नसते. ती दोन खोल्यांची असते.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत दारं सोडून खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र किती असावं याचं साधं प्रमाण आहे. उष्ण आणि कोरड्या हवेत खोलीच्या क्षेत्राच्या एक दशांश, उष्ण आणि दमट हवेत एक षष्ठांश, मधल्या हवामानात एक अष्टमांश. कोकणात घर असेल तर षष्ठांश धरा. कराड-साताऱ्याकडे मी अष्टमांश धरतो. १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट, त्याला १५ चौरस फुटांची खिडकी हवी. चार बाय चार म्हणजे १६. हिशेब जमला असं वाटतं. पण मागची तेवढीच खोली आपण बंद केली, तिचेही १५ धरायला हवेत. म्हणजे ३० हवेत.

त्याच संहितेत आणखी एक ओळ आहे, तिकडे फारसं कुणी बघत नाही. खिडकीचा काही भाग पक्का बसवलेला असेल तर उघडणारा भागच मोजायचा. आता आपल्याकडे सर्रास बसते ती दोन ट्रॅकची सरकती खिडकी घ्या. एक तावदान दुसऱ्यावर सरकतं, म्हणजे उघडतं निम्मंच. चार बाय चारच्या सरकत्या खिडकीतून वारा येतो तो आठ चौरस फुटांतून. उजेड पूर्ण मिळतो, वारा अर्धा. परसातून वारा घ्यायचा असेल तर झडपांचीच खिडकी लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. झडपा वाऱ्यानं आपटतात, ही तक्रार खरी आहे. त्याला चांगला आकडा हा उपाय आहे.

आता मापाकडे येऊ, आणि माप विटांतच घेऊ. प्रत्येक भट्टीची वीट थोडी वेगळी असते, म्हणून कागदावरचं माप धरू नका. जुन्या भिंतीचा गिलावा जिथं निघालेला असेल तिथं दहा थर मोजा. मामाच्या भिंतीचे दहा थर ३५ इंच भरले, म्हणजे दरजेसकट एक थर साडेतीन इंच. नव्या भिंतीलाही तोच थर ठेवला तर २४ थरांवर बरोबर ८४ इंच, सात फूट येतात. तीच लिंटेलची पातळी, आणि जुन्या घराच्या लिंटेलशी ती जुळते. दहाव्या थरावर खिडकीचा तळ धरला तर वर १४ थर उरतात. खिडकीची उंची झाली ४९ इंच. चार फुटांचा हट्ट धरला असता तर ४८ इंचांसाठी गवंड्याला एक थर तासावा लागला असता किंवा बोटभर काँक्रीट भरावं लागलं असतं. तो एक इंच वाया जात नाही, तळाला बसवायच्या दगडी पट्टीखाली जातो.

रुंदीचंही तसंच. वीट नऊ इंच, दरज अर्धा इंच. पाच विटांची मोकळी जागा म्हणजे पाच वेळा साडेनऊ, आणि अर्धा इंच: बरोबर ४८. सहा विटांची जागा साडेसत्तावन्न इंच येते. पण कुणी "पाच फूट ठेवा" म्हटलं की ६० इंच कोणत्याच विटेत बसत नाहीत, आणि खिडकीच्या कडेला, जिथं भिंत सगळ्यांत भक्कम हवी, तिथंच तुकडे लागतात. मी कितीतरी घरांत खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग पाहिली आहे. ती सुरू होते त्या जागी गिलावा खरवडला की बऱ्याचदा आत तुकडेच सापडतात.

कोयनेच्या टापूत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ची भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली ती माणसं अजून गावागावांत आहेत. भूकंपाचा धोका जास्त असलेल्या भागातल्या विटांच्या घरांसाठी भारतीय मानकात मर्यादा दिल्या आहेत. एकमजली घरात एका भिंतीतल्या दारं-खिडक्यांची मिळून रुंदी भिंतीच्या निम्म्याच्या आत, दुमजली असेल तर शेकडा ४२च्या आत. आतल्या कोपऱ्यापासून पहिली खिडकी ४५० मिलिमीटर दूर, म्हणजे साधारण दोन विटा. दोन खिडक्यांमधला खांब ५६० मिलिमीटरचा, म्हणजे अडीच विटा. पुढं कधी वर मजला चढवायचा विचार असेल तर ४२चा आकडा आजच धरा. जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यालगत तर खिडकी नकोच, तिथून निदान दोन फूट सरका.

एवढं धरून मामाची खोली आज पुन्हा आखायची तर मी काय करीन? दक्षिणेची भिंत १० फूट, तिला पाच विटांची, ४८ बाय ४९ इंचांची खिडकी. सव्वासोळा चौरस फूट. दक्षिणेच्या खिडकीचं उन्हाशी चांगलं जमतं. कराडला डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली तेव्हा सव्वादोन फूट खाली येते, आणि खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन खोलीत उतरतं. मार्चअखेरीला तोच सूर्य इतका वर चढतो की दुपारी छज्जा सगळी खिडकी झाकतो. मे महिन्यात तर सूर्य डोक्यावर येऊन सावलीच नाहीशी होते, तो दिवस आता आपण शून्य सावलीचा दिवस म्हणून ओळखतो.

पश्चिमेला मात्र छज्जा कामाचा नाही. संध्याकाळी पाचचं ऊन सरळ पलंगावर येतं. तरी पश्चिमेची खिडकी टाळून चालत नाही, कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो आणि जुन्या खोलीची खिडकी तिच्याच रेषेत आहे. या भिंतीत परसाचं तीन फुटी दारही आहे. भिंत १२ फूट, निम्मी म्हणजे ७२ इंच, त्यातले ३६ दाराचे. उरलेल्यात साडेतीन विटांची खिडकी बसते, पावणेचौतीस इंचांची. चार विटांची केली की मर्यादा ओलांडते. मग रुंदी नाही तर उंची वाढवायची: तळ दहाव्या थराऐवजी सातव्यावर घ्यायचा. १७ थर उंचीची ती खिडकी जवळजवळ १४ चौरस फुटांची होते. दोन्ही मिळून ३० भरतात. गिलावा आणि चौकट यांत थोडं जाईल, पण झडपा असल्यानं उघडणारं जवळपास सगळं हाती लागतं. संध्याकाळच्या उन्हाला बाहेरून बांबूची चिक.

तळ सातव्या थरावर, म्हणजे दोन फुटांवर आला, याचा आणखी एक गुण आहे. आपल्याकडे म्हातारी माणसं अजून जमिनीवर बसतात. बसलेल्या माणसाचे डोळे अडीच फुटांच्या आसपास असतात. तीन फुटांवर तळ असलेल्या खिडकीतून त्याला परसातली तुळसही दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं. अशा खिडकीला आतून भक्कम गज मात्र हवेतच. उलट स्वयंपाकघरात ओट्यावर नळ येतो, तिथं तळ बाराव्या थरावर न्या.

इतकं करूनही एक गोष्ट मान्य करायला हवी. खिडकीचा चांगला उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीडपट ते दुपटीपर्यंत आत पोचतो. सात फुटांची लिंटेल म्हणजे साडेदहा ते चौदा फूट. नवी खोलीच दहा फूट खोल आहे. जुन्या खोलीला वारा मिळेल, उजेड उंबऱ्यापुरता. मामाकडे शेवटी जुन्या छपरात चार काचेची कौलं बसवली, तेव्हा मामीचा दुपारचा दिवा बंद झाला.

पुढच्या आठवड्यात छज्जा आणि त्यावरून आत येणारं पाणी. तोवर एक करा. ज्या भिंतीला नवी खोली जोडणार आहात तिच्या आतल्या खोलीत दुपारी बारा वाजता दिवा न लावता बसा, आणि त्या भिंतीतली खिडकी बंद करून पुन्हा बसा. मगच गवंड्याला माप सांगा.