टप कापायचा की ठेवायचा?

घरातलं माणूस गेलं की त्याच्या वस्तूंचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. चष्मा कपाटात राहतो, घड्याळ नातवाच्या मनगटावर जातं, कपडे कुणा गरजूला दिले जातात. आमच्या अण्णांच्या मागे मात्र पावणेतेरा फूट लांबीची एक वस्तू राहिली. माजिवड्यात आई आणि दादा राहतात त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, निळ्या ताडपत्रीखाली. १९६५ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड.

चार वर्षं तिच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. वॉचमन ताडपत्रीवरची पानं झाडायचा, मांजरी तिच्याखाली बाळंत व्हायच्या. मग सोसायटीची नोटीस आली, बंद वाहनं हलवा. झालं! एका रविवारी दादाकडे बैठक बसली. मी दोन गल्ल्या सोडून राहते, मलाही बोलावणं आलं.

भाचा आधीच तयारीत होता. ‘आत्या, हे बघ,’ म्हणत त्याने लॅपटॉप पुढे सरकवला. पडद्यावर हेराल्ड होती, पण ओळखू येईना. टप कापलेला, रंग लालभडक, चाकं रुंद, मागे दोन सायलेन्सर. ‘ओपन स्पोर्ट्स कार करायची. आतलं इंजिन काढून मारुतीचं टाकायचं. गॅरेजवाल्याने एस्टिमेट पण दिलंय.’

दादा उसळलाच. ‘एक नट बदलायचा नाही! मद्रासच्या कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी करायची. तोच रंग, तेच सीट कव्हर. मग रॅलीत उतरवायची. कापाकापी करायला ती काय भोपळा आहे?’

दोघांचा आवाज चढत गेला. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिला कुणीच काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

मला गाड्यांतलं फारसं कळत नाही. बी. ए.ला माझे विषय मराठी आणि समाजशास्त्र. पण दोघांनाही मीच पंच म्हणून हवी होते, तेव्हा आठवडाभर विचारपूस केली. कळव्याचे एक जुने मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे दोन दुपारी बसले. तेव्हा कळलं, भाचा अगदीच वेडं बोलत नव्हता.

हेराल्ड ही मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची, १९५९ सालची गाडी. तिचा आराखडा मिकेलोत्ती या इटालियन माणसाने केलेला. आपल्याकडे १९६१ पासून ती मद्रासची स्टँडर्ड कंपनी बनवू लागली. अँबॅसिडर आणि फियाट सोडली तर मध्यमवर्गीयाला मिळू शकेल अशी तिसरी गाडी हीच. इंजिन फक्त ९४८ सीसीचं. पण वळायला अशी चपळ की पंचवीस फुटांच्या घेरात फिरते. बोनेट तर अख्खं, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटतं. लहानपणी अण्णा ते उघडायचे तेव्हा मला वाटायचं, मगरीने जबडा वासलाय.

तिची सांगाड्याची फ्रेम वेगळी आणि वरचं शरीर वेगळं. टपसुद्धा बोल्टने बसवलेला. त्यामुळे खुद्द ट्रायम्फनेच तिची उघड्या टपाची गाडी काढली होती. शिवाय हेराल्डचीच फ्रेम आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार बाजारात आणली. ती आपल्याकडे आली नाही. मग हौशी लोकांनी आपापल्या हेराल्डचे टप उतरवून हौस भागवून घेतली. म्हणजे भाच्याच्या डोक्यातली गाडी हेराल्डच्या घराण्यातलीच होती म्हणायची!

पण हौस वेगळी आणि कायदा वेगळा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की, आरसी बुकात नोंदलेला तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी लागते. टप कापणं तर फारच पुढची गोष्ट. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. ज्या गॅरेजवाल्याने एस्टिमेट दिलं होतं, त्याने यातलं अक्षरही काढलं नव्हतं. भाचा हे ऐकून जरा गप्प झाला.

दादाला वाटलं, आपण जिंकलो. त्याच्या बाजूनेही एक मोठा मुद्दा होताच. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. अशा गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. अट एकच, पण महत्त्वाची. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही. आपली हेराल्ड १९६५ ची, म्हणजे वयाने केव्हाच पात्र. टप एकदा कापला की हे दार कायमचं बंद.

पण याला दुसरी बाजूही आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. सकाळी उठून कोपिनेश्वराला जाऊन येऊ म्हटलं तर नाही. मी दादाला विचारलं, ‘मग ती वर्षातून एकदा बघायची का? देव्हाऱ्यातल्या टाकासारखी?’ त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

याच सुमारास आरसी बुक शोधायला मी अण्णांचं कपाट उघडलं आणि हाती लागली एक लांबट वही. गाडीची वही. अण्णांनी १९७८ मध्ये गाडी सेकंडहँड घेतली, त्या दिवसापासूनच्या नोंदी. तेल कधी बदललं, टायर कुठून आणले, कुर्ल्याच्या कबाडी बाजारातून कुठला भाग कितीला मिळाला. मी पानं उलटत गेले आणि दोन नोंदींपाशी थांबले.

‘मे १९८४. डॅशबोर्डवर पंखा बसवला. सौ.ला उकडतं.’

‘जून १९८५. ड्रायव्हर सीटखाली लाकडी पट्टी. सौ.चे पाय आता क्लचवर नीट पोचतात.’

मला एकदम सगळं आठवलं. आई चालवायची ही गाडी! अण्णांची शिफ्ट ड्यूटी असायची. आम्हाला शाळेत सोडणं, आजोबांना डॉक्टरकडे नेणं, सगळं आईच करायची. तेव्हाचं माजिवडं म्हणजे गावठाण, भाताची खाचरं आणि घोडबंदरच्या रस्त्यावर अधूनमधून एखादा ट्रक. नऊवारीतल्या बायका बांधावर उभ्या राहून बघायच्या, ‘बाई गाडी चालवती!’ आईची उंची जेमतेम पाच फूट. पाठीला उशी, सीटखाली पट्टी आणि समोर तो गरगरणारा छोटा पंखा.

आता बघा गंमत. भाच्याच्या गाडीत तो पंखा नव्हता, कारण डॅशबोर्डच नवा येणार होता. दादाच्या गाडीतही नव्हता, कारण कारखान्यातून निघाली तेव्हा तिला पंखा नव्हता! एकाला नवी गाडी हवी होती, दुसऱ्याला १९६५ ची. आमच्या घरात जी गाडी चाळीस वर्षं वावरली, ती दोघांच्याही हिशोबात नव्हती. आणि ती चालवणारी बाई तर नव्हतीच नव्हती.

वही घेऊन मी आईपाशी गेले. म्हटलं, ‘आई, तुला काय वाटतं?’

तिने वही हातात घेतली, बराच वेळ त्या पानावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘अगं, ह्यांनी गाडीत बदल केले, पण एकही गोष्ट कापली नाही. पंखा दोन स्क्रूंवर आहे. पट्टी काढली की सीट होती तशी. शिवताना आपण कापड आत दुमडून ठेवतो ना, पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून? तसं करा. जे परत बसवता येईल ते खुशाल बदला. कापाल ते परत यायचं नाही.’

मला नंतर कळलं की जुन्या गाड्या जपणाऱ्यांची ‘फिवा’ नावाची एक जागतिक संस्था आहे. तिने २०१३ मध्ये ट्यूरिन सनद म्हणून काही तत्त्वं मांडली. त्यांचाही रोख हाच आहे: गाडीचा इतिहास जपा, बदल करावाच लागला तर तो उलटवता येईल असा करा आणि त्याची नोंद ठेवा. आईने ती सनद वाचलेली नाही. तिने आयुष्यभर फ्रॉक शिवलेत.

एवढं ठरल्यावर बाकीचं सोपं होतं. आम्ही कागद घेऊन तीन रकाने आखले. न कापता करता येईल ते पहिल्यात, कापावं लागेल ते दुसऱ्यात, नुसतंच हौसेचं ते तिसऱ्यात.

पहिल्या रकान्यात मेकॅनिककाकांनी सुरक्षितता आधी लिहायला लावली. पुढे दोन सीट बेल्ट, कारण हेराल्डला ते नव्हतेच. चांगले टायर. ब्रेकचं सगळं काम नव्याने. जुने रबरी पाइप आणि सील बदलायचे, कारण २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं, आणि जुनं रबर त्याने लवकर खराब होतं. काढलेला प्रत्येक भाग पुसून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. भाच्याला खाली आवाज करणारा सायलेन्सर हवा होता, तो तिसऱ्या रकान्यात गेला. टप आणि इंजिन दुसऱ्यात गेले, आणि तो रकाना आम्ही लाल पेनाने खोडला. दादाचा मूळ रंगही तूर्त थांबला. गाडी आत्ता फिक्कट हिरवी आहे, तो रंग आईने निवडलेला.

नोंदणी साधीच ठेवायची ठरली, कारण आईला गाडीतून फिरायचंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. आमची मुदत २०२४ मध्येच संपली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींची फी दहा हजार झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. पण चासी, बॉडी, इंजिन शाबूत असल्याने व्हिंटेजचं दार उघडं राहिलं. पुढच्या पिढीला वाटलं तर ती त्यातून जाईल.

आता मैत्रिणींनो, खास तुमच्यासाठी एक गोष्ट. आरसी बुक सापडलं तेव्हा त्यावर अजून अण्णांचंच नाव होतं. मालक गेल्यावर वारसाने तीन महिन्यांत ‘फॉर्म ३१’ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आम्ही चार वर्षं काहीच केलं नव्हतं. वस्तीतल्या बायकांना मी सांगत फिरते, रेशनकार्डावर नाव बघा, घराच्या कागदांवर नाव बघा. आणि माझ्याच आईची गाडी कुणाच्याच नावावर नव्हती! तिने ती चालवली, धुतली, तिच्यासाठी अण्णांनी तिच्यात पट्ट्या ठोकल्या. तरी टप कापायचा की नाही, हे ठरवायला बसलो आम्ही तिघं. कागदावर नाव नसलं की माणूस चर्चेतूनही गळतं, ते असं. तेव्हा घरात एखादी स्कूटर, रिक्षा, गाडी असेल आणि तिचा मालक गेला असेल, तर विकायची की ठेवायची ते नंतर बघा. आधी ते पुस्तक उघडून नाव बघा.

दादाने आणि मी संमतीपत्रं दिली. थोडे हेलपाटे झाले, दंडही भरला. पण आता आरसीवर आईचं नाव आहे.

गाडी सुरू झाली त्या दिवशी आई बहात्तराव्या वर्षी पुन्हा स्टीअरिंगमागे बसली. लायसन्स संपलेलं, म्हणून किल्ली फिरवली नाही, फक्त क्लच दाबून बघितला. पाय पोचला. मग ती शेजारच्या सीटवर सरकली, भाचा चालवायला बसला. बेल्ट लावून दोघं तलावपाळीला गेले. मी आणि दादा रिक्षाने मागून, कारण मागच्या सीटवर खोकी होती.

परत आल्यावर भाचा मला हळूच म्हणाला, ‘आत्या, सिग्नलला सगळे बघत होते. लाल रंगाची गरजच नाही गं.’

वहीत त्याने नवी नोंद केलीय. वेडंवाकडं अक्षर, पण रीत अण्णांचीच: ‘पंख्याची वायर बदलली. आजीला उकडतं.’