भाव पडलेत म्हणून जागा घ्यावी का?

आज जरा मोठ्या पैशाबद्दल बोलायचं आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी एक लाखाचं कर्ज मागितलं. त्यांचे मालक वारले, त्यांच्या फंडाचे सात लाख हातात आले होते. एका एजंटाने तालुक्याच्या गावाबाहेर तीन गुंठ्यांचा प्लॉट दाखवला होता. म्हणाला, "वहिनी, मंदी आहे म्हणून हा भाव. दिवाळीनंतर दुप्पट होईल. आठ लाखांत देतो, पण आठ दिवसांत सांगा."

गटातल्या बऱ्याच जणींना वाटलं, देऊन टाकावं. बाईच्या नावावर जागा होतेय, याहून चांगलं काय? पण आम्ही या वेळी थांबलो. कारण दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्लॉटसाठी आम्ही काहीच न विचारता कर्ज मंजूर केलं होतं. ती मैत्रीण आजही हप्ते भरते आहे आणि सातबाऱ्यावर तिचं नाव अजून लागलेलं नाही. ती चूक आमचीही होती. म्हणून तेव्हापासून जे शिकलो ते सांगतो.

आधी मंदी म्हणजे काय ते बघू. घरं आणि प्लॉट विकायला आहेत, पण घेणारे कमी आहेत. अशा वेळी विकणारा अडलेला असतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा तो भाव कमी करतो, सवलती देतो. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर घरं खपेनात, तेव्हा राज्य सरकारनेही सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं. शेवटी शेवटी नोंदणी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. म्हणजे मंदीत घेणाऱ्याचा फायदा होऊ शकतो, हे खरं आहे.

पण दुसरी बाजूही आहे. आज विकणारा अडला आहे, तसं उद्या आपल्याला पैशाची गरज लागली तर आपणही अडू. मुंबईत १९९५ च्या सुमारास चढ्या भावात ज्यांनी घरं घेतली, त्यांना तोच भाव पुन्हा दिसायला कित्येक वर्षं लागली. दिवाळीनंतर दुप्पट होईल, असं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: हा पैसा पाच-सात वर्षं लागणार नाही ना? मुलीचं शिक्षण, लग्न, आजारपण यांसाठी ठेवलेला पैसा जागेत अडकवायचा नाही. सोनं मोडता येतं, ठेव मोडता येते, पण प्लॉटचा कोपरा मोडून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. बऱ्याच जणी म्हणतात, घर घेऊ, भाड्याने देऊ, भाड्यातून हप्ता जाईल. वही घेऊन मांडून बघू. समजा वीस लाखांचं घर, पाच लाख आपले आणि पंधरा लाख कर्ज. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेतेरा हजार येतो. भाडं सहा हजार मिळालं आणि देखभाल खर्च एक हजार गेला, तर हातात पाच हजार. म्हणजे साडेआठ हजार दर महिन्याला पदरचे घालायचे. मध्ये दोन महिने भाडेकरू नसला तर आणखी.

तीन वर्षांत आपण जवळजवळ चार लाख पंच्याऐंशी हजार रुपये हप्ते भरतो. त्यातून मुद्दल फिटतं ते साधारण ९२ हजार. बाकी सगळं व्याज. भाड्याचे एक लाख ऐंशी हजार त्यातून वजा केले तरी दोन लाखांहून जास्त गेले. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे लाख-सव्वा लाख. म्हणजे तीन वर्षांनी घर वीस लाखांनाच विकलं गेलं, तर आपण तीन-साडेतीन लाखांना बुडतो. भाव पडला नाही, नुसता जागच्या जागी राहिला, तरीही. हे गणित मांडलं तेव्हा आमच्या बैठकीत एकदम शांतता झाली होती.

स्वतः राहायला घर हवं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आपण जे भाडं भरतो ते वाचतं, आणि भाव वर-खाली झाला तरी डोक्यावर छप्पर राहतं. अशा बाईला मंदीचा काळ चांगला. फक्त घासाघीस नीट करायची. बिल्डर पटकन भाव कमी करत नाही, त्याऐवजी मॉड्युलर किचन देतो, एसी देतो. आपण म्हणायचं, ते नको, करारातली किंमत कमी करा. किंमत कमी झाली की कर्जही कमी लागतं. भाव नेहमी चटई क्षेत्रावर विचारायचा, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर. एक लक्षात ठेवा, सरकारी रेडी रेकनरच्या दरापेक्षा कमी भावात घर मिळालं, तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या किमतीवरच भरावं लागतं. फरक फार मोठा असेल तर प्राप्तिकराचाही प्रश्न येतो. म्हणून हा दर आधीच बघून घ्या.

मंदीत बांधून तयार असलेलं घर बरं. पैसा आटला की बांधकामं मध्येच थांबतात, आणि आपण इकडे भाडं आणि तिकडे हप्ता भरत बसतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घर बिल्डरकडून घेतलं तर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर एक टक्का लागतो. घर बघायला एकदा दिवसा जा आणि एकदा रात्री. किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. खाली भेटणाऱ्या बाईला विचारा, पाणी रोज येतं का, टँकर मागवावा लागतो का. ती जे सांगेल ते जाहिरातीत छापलेलं नसतं.

आता कागदपत्रं. नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या वर, आणि आठपेक्षा जास्त घरं असतील तर ही नोंदणी लागते. प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही लागते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. मोबाईलने तो स्कॅन केला की घर कधी देणार आणि किती घरांचं बुकिंग झालं आहे, हे दिसतं. एजंटाचीही नोंदणी असते, तीही विचारा. आणि हे पाठच करा: नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत.

प्लॉट किंवा जमीन असेल तर ताजा सातबारा आणि फेरफार काढा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. सगळी गंमत तिथे असते. सोसायटीचा बोजा तिथे दिसतो, कूळ तिथे दिसतं, बहिणींची नावं तिथे असतात. जमीन बिगरशेती झाली आहे का ते बघा. शेतजमीन असेल तर ती घ्यायला आपण स्वतः शेतकरी असावं लागतं. शिवाय एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकायला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. त्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण आपला गट नंबर त्यात बसतो का, हे एजंटाला नाही, तहसील कार्यालयात विचारायचं.

नोटरी केलेल्या कागदावर किंवा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जागा आपली होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखत हवं. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या. चार-पाच हजार खर्च होतील, पण आठ लाख वाचतील. आणि बँक त्या जागेवर कर्ज द्यायला नाही म्हणत असेल, तर का नाही म्हणते ते आधी विचारा.

घर असेल तर आपल्या नावावर घ्यायचा आग्रह धरा. महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. वीस लाखांवर ते वीस हजार होतात. नवऱ्याबरोबर जोडनावाने घेतलं तर ही सवलत नाही. घरात हे बोलताना भांडायची गरज नाही, वीस हजार वाचतात एवढंच सांगायचं.

आता त्या ताईंचं काय झालं ते. आम्ही चौघी त्यांच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेलो. सातबाऱ्यावर अकरा नावं निघाली. त्यात चार बहिणी, आणि एकीचीही सही नव्हती. वर सोसायटीचा बोजा. एजंटाला विचारलं तर म्हणाला, "बहिणींचं काय, त्या हक्कसोड देतील." मैत्रिणींनो, आपणही कुणाच्या तरी बहिणी आहोत. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आज ज्या बहिणीला न विचारता जागा विकली, ती उद्या कोर्टात गेली तर तिचंही चूक नाही, आणि भरडले जाणार आपण.

ताईंनी प्लॉट घेतला नाही. सात लाख पोस्टात आणि बँकेत ठेवले. आठ दिवसांची मुदत होती ना, त्याला वर्ष झालं. तो प्लॉट अजून विकलेला नाही, आणि एजंट आता साडेसहा लाख म्हणतो आहे. मंदीत घेणाऱ्याकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. घाई विकणाऱ्याला असते. ती त्याने आपल्या गळ्यात घातली की समजायचं, काहीतरी लपलेलं आहे.

आमच्या गटांनी आता नियम केला आहे. जागेसाठी कर्ज मागायचं तर अर्जासोबत ताजा सातबारा किंवा महारेराचा क्रमांक, वकिलाचा शोध अहवाल आणि हप्त्याचा हिशेब जोडायचा. तुमच्या गटातही हा विषय पुढच्या बैठकीला घ्या. सातबारा कसा वाचायचा हे कळत नसेल तर बैठकीला एखादा घेऊन या, सगळ्या मिळून वाचू. आम्हीही तसंच शिकलो.