अर्ध्या तिकिटाचे वय

एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुलगा बारा पूर्ण करून तेराव्यात गेलेला असतो, आईच्या खांद्याला लागलेला असतो. कंडक्टर जवळ येऊ लागला, की त्याच्या कानात हळूच सांगितले जाते, ‘विचारलं तर अकरा सांग.’ वाचतात ते थोडेसे रुपये. पण तेवढ्यात मुलगा एक धडा शिकून मोकळा होतो. तो धडा असा, की खरे बोलावे. मात्र खिशाला झळ बसणार नसेल तेव्हाच! या धड्यापुढे घरातले सगळे सुविचार फिके पडतात.

मुलांना प्रामाणिकपणा कसा शिकवावा, असे पालक नेहमी विचारतात. त्याआधी मूल खोटे का बोलते, ते पाहू. तीन-चार वर्षांचे मूल पहिल्यांदा खोटे बोलते, तेव्हा आपण दचकतो. खरे म्हणजे, ‘जे मला माहीत आहे ते आईला माहीत नाही’ हे त्याला उमगू लागल्याची ती खूण असते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खोट्याची सवय लागते ती पुढे. आणि ती लागावी की नाही, हे बरेचसे आपल्या वागण्यावर ठरते.

पहिला उपाय म्हणून आपल्याला छडी आठवते. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत चुकीला मार मिळे, दुसरीत समज दिली जाई. ‘मागे ठेवलेले खेळणे पाहू नकोस’ असे सांगून मुलाला एकटे सोडले. बहुतेक मुलांनी वळून पाहिलेच. नंतर विचारल्यावर माराच्या शाळेतली जवळजवळ सगळी मुले खोटे बोलली, दुसऱ्या शाळेतली निम्म्याहून थोडी अधिक. शिवाय माराच्या शाळेतल्या मुलांना आपले खोटे अधिक सफाईने निभावता आले. म्हणजे भीतीने मूल खोटे बोलायचे थांबत नाही, ते खोटे बोलण्यात तरबेज होते.

मग गोष्टी सांगाव्यात का? जरूर सांगाव्यात, पण कोणत्या? याच संशोधकांनी २०१४ साली सहकाऱ्यांसह आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या आणि मग ‘चोरून पाहिलंस का?’ असे विचारले. ‘लांडगा आला रे आला’ किंवा खोटे बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकून मुले अधिक खरे बोलली नाहीत. खरे बोलली ती जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुले. त्यात लहानगा जॉर्ज चेरीचे झाड तोडल्याचे कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचे कौतुक करतात. ही गोष्ट चरित्रकाराने रचलेली मानली जाते, ही गंमत वेगळीच! पण मुलांना त्यातून कळले, की खरे सांगितले तर आपले माणूस दुरावत नाही.

आपल्याकडे याचे खरे घडलेले उदाहरण आहे. गांधीजींनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये ते लिहून ठेवले आहे. पंधरा वर्षांचे असताना, भावाचे सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्यांनी त्याच्याच दंडातल्या कड्याचे थोडे सोने चोरले. पुढे मन खाऊ लागले. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून चिठ्ठीत कबुली लिहिली, शिक्षाही मागितली आणि आजारी वडिलांच्या हाती ती दिली. वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. ते ना ओरडले, ना त्यांनी हात उगारला. त्या अश्रूंनी मुलाला जे शिकवले, ते त्याला जन्मभर पुरले.

आता खेळाकडे वळू. न्यायाने वागणे मूल घरापेक्षाही अंगणात लवकर शिकते. अंचई केली, की बाकीची मुले लगेच कालवा करतात. सतत रडीचा डाव खेळणाऱ्याला उद्या कुणी खेळायला घेत नाही. याच मुलांत धाकट्यासाठी ‘लिंबूटिंबू’ही असतो. तो आउट झाला तरी खेळतच राहतो. नियम सर्वांना सारखा, पण दुबळ्याला सवलत, एवढा मोठा विचार मुले आपापसांत करून टाकतात. म्हणून त्यांच्या प्रत्येक भांडणात पंच व्हायला धावू नये. त्यांना थोडे भांडू द्यावे, नियम ठरवू द्यावेत.

मोठ्यांचे काम वेगळे आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागला नव्हता, हे लक्षात येताच भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. मुलांना ही गोष्ट सांगताना पराभव गाळू नका. खरेपणाने नेहमी फायदाच होतो, असे सांगणे हेही एक खोटेच आहे. कधी कधी त्याची किंमत मोजावी लागते, आणि तरीही विश्वनाथचे नाव आदराने घेतले जाते, एवढे मुलांना जरूर कळू द्यावे.

तेव्हा रोजच्या व्यवहारात काही पथ्ये पाळू या. कप कुणी फोडला हे आपल्याला ठाऊक असेल, तर ‘कुणी फोडला?’ असे विचारून मुलाला पेचात धरू नये. ‘कप फुटलाय, चल, काचा उचलू’ म्हणावे. मुलाने आपणहून कबुली दिली, तर आधी त्या धैर्याची दाद द्यावी आणि मग झालेले नुकसान त्याच्याकडूनच भरून घ्यावे. क्षमा म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. खेळून आल्यावर ‘जिंकलास का?’च्या आधी ‘डाव कसा झाला?’ असे विचारावे. आणि कंडक्टरने वय विचारलेच, तर मुलालाच उत्तर देऊ द्यावे. मात्र पूर्ण तिकिटाचे पैसे हातात तयार ठेवावेत.