वेढ्यातले खरेदीखत

हिब्रू संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारे, शाप देणारे तापट म्हातारे, असा समज पुष्कळांचा असतो. मराठी बायबलातला शब्दच त्याला उत्तर देतो. संदेष्टा म्हणजे निरोप आणणारा. शेजारच्या राष्ट्रांनाही संदेष्ट्यांनी सुनावले, पण त्यांचा खरा रोख घरच्यांवर होता. तकोवाचा आमोस मेंढरे राखायचा, उंबराची निगा करायचा. इ.स.पू. आठव्या शतकात तो बेथेलला जाऊन बोलला, ते मापात पाप करणाऱ्यांबद्दल आणि वहाणांच्या एका जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांबद्दल.

देवाचा न्याय म्हणजे अटळ विधिलिखित, हा दुसरा गैरसमज. यरुशलेमचा ढिगारा होईल, असे मीखा संदेष्ट्याने बजावले होते. हिज्कीया राजाने देवाची करुणा भाकली आणि संकट टळले. पुढे शंभरएक वर्षांनी तसेच बोलणाऱ्या यिर्मया संदेष्ट्याला ठार मारा, अशी ओरड झाली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी हाच दाखला देऊन त्याची बाजू घेतली. मीखाला खोटा कोणीच म्हटले नाही. त्याचे बोलणे लोकांनी मनावर घेतले, म्हणून तर ते घडले नाही!

आशेची वचने हे मागाहून लावलेले ठिगळ, असेही म्हणतात. आमोसच्या पुस्तकातल्या आशेच्या शेवटच्या ओळी नंतरच्या असाव्यात, असे बरेच अभ्यासक मानतात. ते मलाही पटते. पण यिर्मयाचा ३२वा अध्याय वाचावा.

इ.स.पू. ५८७च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला. शहर पडणार असे सांगतो म्हणून सिद्कीया राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबलेले. तिथे चुलतभाऊ हनामेल येतो: अनाथोथचे माझे शेत घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा. अनाथोथ म्हणजे शहराच्या उत्तरेला जेमतेम तासाभराच्या वाटेवरचे गाव. शत्रूच्या घशात गेलेली जमीन कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम चांदी, तो तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. चौकात बसलेल्या सगळ्यांदेखत तो आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

शहर पडणार, हे त्याचे म्हणणे त्या दिवशीही बदललेले नव्हते.